ओली शाई

१

भंडाऱ्यात चित्रांचं प्रदर्शन म्हटलं की लोक विचारतात, "सेल आहे का?" त्यामुळे जागा मिळता मिळेना. मंगल कार्यालयं लग्नांत अडकलेली, शाळांमध्ये परीक्षा. शेवटी टिकाराम लांजे काकाजींनी बड्या बाजाराच्या मागच्या गल्लीतला आपला छापखाना उघडून दिला. तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती. किल्ली माझ्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, "बाहेरचा हॉल वापरा, पोरीहो. आतल्या खोलीत काही टांगू नका. तिथे शाई वाळत नाही."

मला वाटलं, ओल असेल.

आम्ही तिघं होतो. मी रंजू. बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत आहेत, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो, आणि मी भंडाऱ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. भूपेश वलथरे नदीपलीकडच्या कारध्याचा. त्याच्या घरी मासेमारी चालत आलेली, आणि त्याची आई रेवताबाई भंडाऱ्याच्या बाजारात मासोळ्या घेऊन बसते. तिसरी उर्वशी बिसेन, नाकाडोंगरीची, धानाची शेती करणाऱ्या घरातली. ती भंडाऱ्यात खोली करून राहायची. नागपूरला कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो आणि उर्वशी माझी सगळ्यात जवळची मैत्रीण होती.

प्रदर्शनाचं नाव आम्ही 'छापील' ठेवलं. आपल्या भागात घरोघरी येणारा छापलेला कागद घ्यायचा आणि त्यातून काही करायचं, एवढीच कल्पना. मी बिडीच्या बंडलावरची लेबलं मोठी करून रंगवली होती. भूपेश माशाला शाई फासायचा आणि ज्या रद्दी पेपरात त्याची आई मासे बांधून देते त्याच पेपरवर त्याचा छाप घ्यायचा. बातमीवर खवलं न् खवलं उमटायचं. उर्वशीनं जुन्या लग्नपत्रिकांवरून लाकडी ठसे कोरले होते. ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठं ती कागदावर सरळ उमटतात. उर्वशीला ते कधी जमलं नाही. शेजारी आरसा ठेवून, ट्रेसिंग पेपर उलटसुलट करत, स्वतःलाच शिव्या घालत ती एकेक अक्षर काढायची.

बाहेरच्या हॉलला चुना मारला, दिवे लावले. आतल्या खोलीत पायानं चालवायचं ट्रेडल मशीन होतं, काळं, इतकं जड की ते भंगारवाल्यानंही उचललं नव्हतं. त्या खोलीला खिडकी नव्हती, दारही नव्हतं, नुसती चौकट. आम्ही चौकटीवर पोत्याचा पडदा टांगला आणि ती खोली विसरून गेलो.

पहिल्या दिवशी बरे लोक आले. संध्याकाळी गिरजाबाई म्हणून एक रिटायर्ड शिक्षिका चपला घालता घालता मला म्हणाल्या, "चित्रातलं मला काही कळत नाही बरं. पण तुमच्या त्या बाईनं किती छान समजावून सांगितलं."

मी उर्वशीला जाऊन सांगितलं, "तुझं कौतुक झालं."

"माझं?" उर्वशी म्हणाली. "मी त दुपारपासून पत्रिका वाटून राहिली होती. मले वाटलं तूच होती आत."

२

त्यानंतर रोज कोणी ना कोणी ते बोलायचं. त्या बाई. हिरव्या लुगड्यातल्या. आत पडद्याजवळ उभ्या असतात त्या. काय सांगितलं असं विचारलं की माणूस तोंड उघडायचा आणि थांबायचा. "आता शब्दात नाही आठवत," गिरजाबाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा हसत म्हणाल्या. यावेळी त्यांनी आपल्या बहिणीला सोबत आणलं होतं.

आम्ही ठरवून टाकलं की त्या काकाजींच्या बायको, सुंदरबाई असणार. घरामागचं दार छापखान्यात उघडत असेल, दिवसभर एकटं वाटत असेल, येत असतील. मला बरंच वाटलं. मग एका दुपारी सुंदरबाई आमच्यासाठी चहा घेऊन आल्या. त्या रस्त्यावरून आल्या, काठी टेकत.

"काकूजी, तुम्ही मागच्या दारानं काहून नाही आल्या?" भूपेशनं विचारलं.

"मागे कुठे दार आहे, बाप्पा? भित आहे." त्यांनी किटली माझ्या हातात दिली. उंबरठ्याच्या आत मात्र आल्या नाहीत. "अन् माझे गुडघे असे. मी कायले फिरू इथे?"

तेव्हापासून मी आवाज ऐकायला लागले. हॉलमध्ये गर्दी नसली की यायचा. 'चर्र'. बारीक, चिकट. ओल्या शाईवर दाबलेला कागद सोलून काढताना येतो ना, तसा. मी स्वतःला समजावलं की माझी लेबलं भिंतीवर खळीनं चिकटवली आहेत, तीच कुठंतरी सुटत असणार. एकेका लेबलावरून हात फिरवून पाहिला. सगळी घट्ट होती.

मी माझ्या वर्गाला प्रदर्शन दाखवायला आणलं. मुलं पाहून गेल्यावर टीना नावाची एक मुलगी रेंगाळली.

"मॅडम, त्या आजीच्या हातावर नाव गोंदलं आहे ना, ते मले वाचताच नाही आलं. उलटं आहे."

"समोर बसून गोंदलं असेल," मी म्हटलं. "गोंदणारीला सरळ दिसतं, आपल्याला उलटं."

बोलतानाच मला कळत होतं की हे खोटं आहे. समोर बसून गोंदलं तर अक्षरांचे पाय वर होतील. टीना तसं म्हणत नव्हती.

"तसं नाही. उर्वशी मॅडमच्या ठशावर आहे ना, तसं."

"तिनं तुला हात लावला का?" मी विचारलं. हे मी का विचारलं, मला सांगता यायचं नाही.

"नाही. हात पुढे करून बोलवत होती. पण तुम्ही हाजरी घेतली ना, म्हणून मी आली."

३

रेवताबाई आली ती बाजार उरकून, रिकामी टोपली काखेत घेऊन. लेकाचं काम ती पहिल्यांदाच भिंतीवर टांगलेलं पाहत होती. एका चित्रासमोर थांबून तिनं तोंडाला पदर लावला.

"अव माय! हे मरळ त माझ्याच टोपलीतली. मी गिऱ्हाइकाले नाही म्हणलं होतं, हे भूपेशले पायजे म्हणून."

भूपेश लाजला. तिनं सगळी चित्रं पाहिली, माझ्या बिडीच्या लेबलांनाही बरं म्हणाली, उर्वशीच्या नवरीच्या चित्रापाशी म्हणाली, "हिचं नाक तुयासारखंच आहे, पोरी." मग पत्रकार आले म्हणून आम्ही तिघंही दाराशी गेलो. परत पाहिलं तर रेवताबाई दिसेना. पडदा हलत होता.

ती बाहेर आली तेव्हा दोन्ही तळवे पदराला पुसत होती.

"मावशी, आत कोण होतं?" मी विचारलं.

"बाई होती ना एक. मोठी मायाळू. माझ्या तळव्याले तळवा लावला अन् म्हणे, हालू नको बाई, दाब पडू दे."

"मग?"

"मग काय? हलकं हलकं वाटलं." ती हसली. "चल, जातो मी. भात टाकायचा आहे."

आणि ती निघाली. हॉलचं दार उजव्या हाताला होतं. रेवताबाई डावीकडे गेली, थेट भिंतीपाशी, आणि तिथं हातानं चाचपायला लागली, जणू कडी कुठं गेली ते शोधते आहे. सगळे हसले. तीही हसली. भूपेशनं तिला खांद्याला धरून दारापर्यंत नेलं.

मी पडदा बाजूला करून आत गेले. कोणी नव्हतं. चार भिंती आणि मशीन. मशीनच्या वरच्या अंगाला शाई पसरवायची गोल लोखंडी तबकडी असते, तिच्यावर मी बोट टेकवलं. बोट काळं झालं. शाई ओली होती, ताजी, कोणी नुकतीच चोळून ठेवावी तशी. खिडकी नाही, हवा नाही, तेलाची शाई, वाळायला वेळ लागतो, असं मी मनाशी म्हणत राहिले. वर्षानुवर्षं लागतात का, हे मात्र मी मनाला विचारलं नाही.

४

रविवारी भूपेशनं जेवायला बोलावलं. कारध्याला त्यांचं घर नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. अंगणात जाळं वाळत टाकलेलं, आणि रेवताबाई पायाखाली विळी दाबून मासोळ्या चिरत होती. मी तिच्याजवळ पाटावर बसले. गप्पा चालल्या होत्या. काहीतरी खटकत होतं आणि ते काय हे कळायला मला बराच वेळ लागला, कारण तिचा हात इतका सफाईनं चालला होता.

ती डाव्या हातानं चिरत होती. विळी डाव्या पायाखाली होती. पदर उजव्या खांद्यावर होता.

"मावशी, तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

"म्हणजे?" तिनं हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सारे लोक असेच त चिरतात, बाई."

भूपेश मला नदीकडे घेऊन गेला. पाण्याकाठी डोंगे, मासेमारीच्या लहान होड्या, उलटे घालून ठेवलेले होते. तो एका डोंग्यावर बसला.

"तुले दिसलं ना?"

"कधीपासून?"

"छापखान्यातून आली त्या दिवसापासून. मी डॉक्टरकडे नेलं. मले वाटलं लकवा असेल. त्यानं डोक्याचा फोटो काढला, हात दाबून पाहिले. म्हणे दोन्ही हातात ताकद बरोबर आहे, वयात कधी कधी सवयी बदलतात." तो पाण्याकडे पाहत होता. "जेवते. हसते. माझ्यासाठी थांबते. पण रंजू, मी डाव्या बाजूनं हाक मारली का ते उजवीकडे पाहते. कोणीतरी तिकडूनच हाक मारली असं पाहते."

मी म्हटलं, होईल ठीक. दुसरं काय म्हणणार?

तो म्हणाला, "प्रदर्शन बंद करू."

५

उर्वशी ऐकेना.

"काहून बंद करायचं? आपल्याकडे लोक येऊन राहिले. भंडाऱ्यात! नागपूरहून गॅलरीवाली बाई शनिवारी येणार आहे. अन् तुम्ही म्हणता गाशा गुंडाळा."

"भूपेशच्या आईला काहीतरी झालं आहे," मी म्हटलं.

"मावशीचं वय झालं, रंजू. माझ्या आज्याले शेवटी शेवटी स्वतःचं घर ओळखू येत नव्हतं. त्यात भूत कुठून आलं?"

"भूत मी म्हटलंच नाही."

"मग काय म्हणून राहिली तू? सांग ना."

जे सांगायचं होतं ते मोठ्यानं म्हटलं की पोरकट वाटत होतं. हिरव्या लुगड्यातली बाई, उलटं गोंदण, डावा हात. उर्वशीनं माझ्या गप्प बसण्याचा वेगळा अर्थ घेतला.

"तुझ्या लेबलांपुढे कोणी थांबत नाही, म्हणून का?"

ती लगेच "सॉरी" म्हणाली आणि माझ्या गळ्यात हात टाकले. पण ते बोलणं आमच्या मध्ये राहिलं. थोड्या वेळानं, खाली बसून ठशांवरची शाई पुसताना, ती हळूच म्हणाली, "साऱ्यांले भेटते ते बाई. मावशीले भेटली, तुझ्या शाळेतल्या पोरीले भेटली. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथेच असतो. मले एक डाव बी नाही दिसली."

तिच्या आवाजात भीती नव्हती. लग्नाला सगळ्या गावाला बोलावून आपल्यालाच वगळल्यावर माणूस बोलतो तसं ती बोलत होती.

शेवटी असं ठरलं की शनिवारपर्यंत चालू ठेवायचं आणि आतली खोली बंद करायची. भूपेशनं पडदा सुतळीनं चौकटीच्या खिळ्यांना आवळून बांधला. काकाजी दाराबाहेरून पाहत होते.

"काकाजी, खरं सांगा," भूपेश म्हणाला. "काय आहे आत?"

"मशीन आहे," काकाजी म्हणाले. "मी कधी बसलो नाही तिथे. कारागीर ठेवत होतो, ते टिकत नव्हते. चांगले होते सारे. घरी गेले का परत येत नव्हते." ते उंबरठ्यापासून मागे सरकले. "त्याइच्या बायका येत. म्हणत, आमचा माणूस कुठे आहे? मी म्हणत होतो, घरी त आहे ना तुमच्या. त्या म्हणत, हो, घरी आहे. अन् तिथेच उभ्या राहत."

६

शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी छापखान्यात गेले. बाजार जेवायला गेला होता; दुकानांची शटरं अर्धी खाली होती. भूपेश आईजवळ घरी होता. दारात उर्वशीच्या चपला दिसल्या. हॉलमध्ये ती नव्हती. पंखा चालू होता आणि माशांच्या चित्रांचे कोपरे हलके हलके उचलले जात होते.

सुतळी खाली पडलेली नव्हती. ती सोडून, नीट गुंडाळी करून खिळ्याला अडकवलेली होती. उर्वशी सुतळी तशीच गुंडाळते.

पडदा एका बाजूनं बोटभर उघडा होता. मी त्या फटीतून पाहिलं.

उर्वशी माझ्याकडे पाठ करून उभी होती. पिवळा कुर्ता, पाठीवर वेणी. तिचे दोन्ही हात खांद्यांच्या उंचीला वर होते, तळवे समोर. तिच्या समोर कोणीतरी होतं. उंची अगदी उर्वशीएवढीच, अंगलटही तीच, त्यामुळे उर्वशीच्या मागून त्या माणसाचं काहीच दिसत नव्हतं. फक्त दोन्ही बाजूंना हिरव्या कापडाची कड आणि उर्वशीच्या तळव्यांना टेकलेले दोन तळवे. कपाळाला कपाळ लागलेलं असावं. दोघी हलत नव्हत्या. श्वासही ऐकू येत नव्हता. पलीकडचा उजव्या बाजूचा हात कोपरापर्यंत उघडा होता आणि त्याच्यावर गोंदणाची निळी ओळ होती. मी ती वाचायचा प्रयत्न केला नाही. मी नजर उर्वशीच्या पाठीवर आणली, ही गोष्ट मला आजही बरी वाटते.

"उर्वशी," मी म्हटलं.

'चर्र' आवाज आला. यावेळी तो बराच वेळ चालला. मोठा कागद एका टोकापासून सावकाश सोलावा तसा.

आणि उर्वशी माझ्याकडे तोंड करून उभी होती. ती वळताना मी पाहिली नाही. माझी पापणीही लवली नव्हती. तिच्या मागे मशीन होतं, भिंत होती, आणखी काही नव्हतं.

"केव्हाची आली?" तिनं हसून विचारलं. तिचे डोळे आणि गाल ओलसर दिसत होते, न्हाऊन आल्यासारखे. "चल ना बाहेर. इथे किती गरम होऊन राहिलं."

ती माझ्या अंगावरून बाहेर गेली. वेणी पुढे घेऊन तिनं ती खांद्यावर टाकली, आणि डाव्या हातानं पंखा वाढवायचं बटण शोधत ती समोरच्या कोऱ्या भिंतीपाशी जाऊन थांबली.

७

प्रदर्शन उतरवायचं उर्वशीनंच सुचवलं. नागपूरच्या बाईला तिनंच फोन केला, तब्येत बरी नाही म्हणाली. मी विचारलं, वाईट नाही का वाटत? ती म्हणाली, "वाटायचं काय त्यात?"

सामान बांधताना एक कोरा ठसा उरला होता. तिनं सहज पटाशी उचलली, डाव्या हातात, आणि बोलता बोलता 'सौ.कां.' कोरलं. आरसा नाही, ट्रेसिंग नाही. एकही रेघ चुकली नाही.

"अगं, किती छान उलटं आलं," मी म्हटलं.

"उलटं कुठे आहे? सरळच त लिहिलं." ती माझ्याकडे अशी पाहत होती की चूक माझीच असावी. मी तिच्या हातात एक छापील लग्नपत्रिका दिली, म्हटलं, वाच ना जरा, हे कोणतं आडनाव आहे? ती पत्रिकेकडे खूप वेळ पाहत राहिली. तिचे ओठ हलले, थांबले. मग तिनं पत्रिका घडी करून मला परत दिली.

"चष्मा करून घ्यावा लागते वाटते," ती म्हणाली.

भूपेशनं किल्ली काकाजींना परत केली नाही. तो दिवसा आतल्या खोलीत जाऊन बसायला लागला. मी समजवायला गेले तर तो स्टुलावर बसलेला, गाल मशीनच्या सपाट लोखंडी पाट्याला टेकवलेला, जिथं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून बसवतात त्या जागी.

"काय करतो आहेस?"

"चूप." मग तो म्हणाला, "आईच्या विळीचा आवाज येते."

"तुझी आई घरी आहे, भूपेश."

"हो. घरी एक आहे." तो शांतपणे बोलत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "मासोळी चिरतानी आई आधी विळीवर दोनदा ठोकते. सवय आहे तिची. घरी आहे ते नाही ठोकत. इथे ठोकते. मी हाक मारली का विळी थांबते. ऐकते ना ते माझं. तू कान लाव."

मी लावला नाही. मी सरळ स्कूटी काढली आणि घरी आले. आईला म्हटलं, भूपेशची तब्येत ठीक नाही. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं, किंवा वाटून घ्यायचं होतं.

८

उर्वशी खोली सोडून नाकाडोंगरीला जायला निघाली. मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. तुमसरची बस समोरच लागलेली होती, पाटी आमच्याकडे तोंड करून. उर्वशीनं पाटीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "तुमसरची कधी लागते?"

"हीच तर आहे."

"हो का." ती लाजल्यासारखी हसली.

मी तिची बॅग वर चढवली. ती पुन्हा खाली उतरली आणि मला घट्ट मिठी मारली. कॉलेजपासून आम्ही भेटताना, निघताना, भांडण मिटवताना अशाच गळ्यात पडायचो. दोन माणसं गळाभेट घेतात तेव्हा एकाचं हृदय दुसऱ्याच्या रिकाम्या बाजूला येतं. हे मला कधी जाणवलं नव्हतं. जाणवायचं कारणच नव्हतं. त्या दिवशी जाणवलं, कारण तसं झालं नाही. तिचा ठोका बरोबर माझ्या ठोक्यावर पडत होता. धप्, धप्, समोरासमोर, मध्ये फक्त दोन कपडे.

मी अंग आक्रसलं. तिनं आणखी घट्ट धरलं.

"बस्, रंजू," ती कानाशी मायेनं म्हणाली. "हालू नको."

कंडक्टरनं घंटी मारली. मी तिला ढकललं. जोरात. ती मागे जाऊन पायरीवर आदळली, एका म्हाताऱ्यानं तिला सावरलं. ती रागावली नाही. खिडकीशी बसून, बस वळेपर्यंत ती माझ्याकडे हात हलवत होती. सगळ्यांसारखाच. कोणालाही वाटलं असतं, किती जीव आहे मैत्रिणीवर.

मी घरी गेले नाही. बड्या बाजारात आले, गल्लीत शिरले. हॉलच्या भिंती रिकाम्या होत्या, पडदा काढून टाकलेला होता. भूपेश आत होता. मला पाहून तो स्टुलावरून उठला आणि त्यानं मला जागा दिली.

मी पाट्याला कान लावला. लोखंड गार होतं. आधी काही नाही. मग, खूप खालून यावा तसा, विळीवर ठोकल्याचा आवाज. टक् टक्. आणि चिरल्याचा. करक्, करक्. रोजच्यासारखा, घाई नसलेला. त्याच्या शेजारी दुसरा एक आवाज होता, लाकडावर पटाशी घासल्याचा. मध्येच ती थांबायची आणि कोणीतरी पुटपुटायचं. उर्वशी ठसा चुकली की अशीच पुटपुटायची.

माझ्या तोंडून तिचं नाव निघालं असेल. निघालंच.

दोन्ही आवाज थांबले.

मग उर्वशी बोलली. इतकी हळू की मी श्वास धरून ठेवला. ती माझ्याशी बोलत नव्हती.

"मावशी. पुन्हा आलं वाटते कोणीतरी. तिकडून कान लावून आहे."

"बोलू नको, पोरी," रेवताबाई म्हणाली. तिचाही आवाज कापत होता. "रोज येते ते. माझ्या भूपेशच्या आवाजात हाक मारते. ओ देऊ नको. जाईल आपोआप."

मी डोकं वर केलं. भूपेश माझ्याकडे पाहत उभा होता. दिवसभर लोखंडाला टेकून त्याच्या गालावर शाईचा डाग पडला होता.

"आला आवाज?"

"आला."

"मले नुसती विळीच ऐकू येते," तो म्हणाला. "काही बोलली का आई?"

"नाही रे," मी म्हटलं. "काम करून राहिली."